शोभेची दारू आणि आवाजाची दारू



दिवाळी तोंडावर आली असतां फटाक्यांविरुद्ध बोलावयास बसणारा म्हातारा मनुष्य कोणास आवडत नाहीं, हें मला ठाऊक आहे. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, फटाक्यांवर बहिष्कार घाला असा उपदेश करण्यासाठीं मी आज नभोवाणीपुढें आलेलों नाहीं. लहानपणीं लवंगीची माळ सोडवून तिचा एकेक फटाका मीं पुरवून पुरवून वाजविलेला आहे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं अंगण धुंडाळून न वाजलेले फटाके गोळा केले आहेत. ज्यानें हें केलें आहे त्याला फटाक्यांचा तिटकारा कसा असेल? परंतु मास्तरकींत माझी आयुष्याचीं अनेक वर्षें गेलीं, आणि त्या काळांत माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. त्याचें कारण एक सुतळी बॉम्ब होता. ती हकीगत मला सांगावयाची आहे. पण तिच्या आधीं थोडें दारूकामाविषयीं बोलावें लागेल.

आपल्या भाषेंत ‘शोभेची दारू’ असा एक जुना व सुंदर शब्द आहे. सोलापूरकरांना तो समजावून सांगण्याची जरूर नाहीं. संक्रांतीस सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदिध्वजांच्या उंच काठ्या निघतात, अक्षतासोहळा होतो, होम होतो, आणि मग होम मैदानावर शोभेच्या दारूकामाची रात्र येते, अशी येथली परंपरा. मी लहान असतांना वडिलांच्या खांद्यावर बसून हें दारूकाम पाहिलें. बांबूच्या सांगाड्यावर फिरणारीं चक्रें, ठिणग्यांचीं झाडें, उंचावरून खालीं कोसळणारा पांढरा धबधबा. त्यांत बार नसत असें नाहीं. पण ते आकाशांत उंच होत. आधीं रंग दिसे आणि मग आवाज येई. रंग व आवाज यांच्यामधलें अंतर आम्ही मुलें बोटांवर मोजीत असूं. पुढें शाळेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर असतो असें शिकविलें, तेव्हां मला तें नवीन वाटलें नाहीं. तो धडा मीं होम मैदानावर आधींच गिरविला होता.

या शोभेच्या दारूचा इतिहास आपल्याकडे बराच जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनीं इसवी सन १४०० ते १९०० या पांचशें वर्षांतील हिंदुस्थानच्या दारूकामाचा इतिहास लिहिला आहे. १४४३ सालीं विजयनगरास आलेल्या अब्दुर रझाक या इराणी वकिलानें तेथल्या उत्सवांतील दारूकाम पाहून आश्चर्य व्यक्त केलें होतें. सोळाव्या शतकांत एकनाथांनीं रुक्मिणीच्या स्वयंवराचें वर्णन करतांना लग्नांतील दारूकामही रंगविलें आहे. द्वारकेच्या लग्नांत दारूकाम असो वा नसो, पैठणच्या लग्नांत तें नाथांनीं पाहिलें असलें पाहिजे. पेशव्यांच्या बखरींत एक गमतीचा प्रसंग आहे. महादजी शिंद्यांनीं सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकीगत सांगितली. तेथें दारूची लंका करतात, तींत राक्षस, वानर व मारुति असतो, आणि मारुतीच्या शेपटीस आग लागून सारी लंका जळते. तें ऐकून तरुण पेशव्यास मोह पडला, आणि पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं तशीच लंका उभारण्यांत आली. पेशव्यानें ती पर्वतीवरून पाहिली. पाहिली, हा शब्द ध्यानांत घ्यावा. त्या काळीं दारूकाम पाहावयाचें असे, आणि तें दुरून पाहावयाचें असे.

आवाजाची दारू निराळी होती. देवळापुढें उखळी उडे तिचा अर्थ पालखी निघाली. तोफ होई तिचा अर्थ कोणी थोर मनुष्य आला किंवा गेला. आमच्या गिरण्यांच्या गांवाला तर असा अर्थपूर्ण आवाज चांगला परिचित होता. लक्ष्मी-विष्णु, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे वाजत, तेव्हां कोठें चूल पेटे, कोठें डबा भरला जाई, कोठें मूल शाळेस निघे. भोंगा कर्कश होता, पण तो कांहीं तरी सांगत असे. ते भोंगे बंद पडूनही आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. मी सात रस्त्याजवळ राहतों. नांवाप्रमाणेंच हा अनेक वाटा एकत्र येण्याचा चौक. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं प्रत्येक वाटेनें निराळा धडाका येऊन तेथें मिळतो. त्यांतला कोणता आवाज कोणास काय सांगतो, हें मला अद्यापि उलगडलेलें नाहीं. फार तर इतकेंच सांगतो कीं, माझा बार तुझ्या बारापेक्षां मोठा.

आतां हा मोठा बार होतो कसा? जुनी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं आपल्याकडे येणारे बारीक लाल फटाके चिनांतले असत. युद्धांत आयात थांबली, सरकारनें परवान्यांचे नियम केले, आणि १९४० नंतर तामीळ मुलुखांतील शिवकाशी हें फटाक्यांचें माहेरघर झालें. मोठ्या आवाजाच्या फटाक्यांत कोळशाची जागा अॅल्युमिनियमच्या बारीक भुकटीनें घेतली. ही भुकटी डोळे दिपविणारा उजेड देते आणि अतिशय वेगानें जळते. परंतु नुसत्या दारूनें असा कानठळी बसविणारा आवाज होत नाहीं. चिमूटभर दारू मोकळी पेटली तर भक्कन् जळून जाते (असा प्रयोग मात्र कोणीं करूं नये; या भक्कन् जळण्यानेंही हात आणि डोळे गेलेले आहेत). आवाज यावयास तिला कोंडावें लागतें. पुठ्ठ्याच्या पुडींत ती भरावयाची, वर सुतळीचे घट्ट वेढे द्यावयाचे, त्यांवर डिंकासारखें चिकट लुकण चढवून वाळवावयाचें. आंत वायु कोंडतो, सुतळी त्याला जाऊं देत नाहीं, आणि शेवटीं सारें एकदम फुटतें. म्हणजे आवाज दारूंत जितका आहे तितकाच तो सुतळींत आहे. जितकें आवळावें तितका बार मोठा.

हें भरण्याचें आणि आवळण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं हातांनीं चालतें, आणि त्या हातांत स्त्रियांचे हात पुष्कळ. त्यासाठीं शिवकाशीस जावयास नको. सोलापुराहून बीडकडे जातांना वाटेवर लागणारें तेरखेडा हें गांव फटाक्यांसाठीं प्रसिद्ध आहे. आणि आमच्याच जिल्ह्यांत, बार्शी तालुक्यांत पांगरीनजीक, १ जानेवारी २०२३ रोजीं फटाक्यांच्या कारखान्यांत स्फोट होऊन कामावर आलेल्या स्त्रिया मृत्यु पावल्या. त्या दिवशीं दिवाळी नव्हती, दसरा नव्हता. फटाका आपण वर्षांतून चार दिवस वाजवितों. तो तयार होत असतो बारा महिने. ती बातमी वाचली तेव्हां माझ्या मनांत आलें कीं, दोन बोटांत धरतां येणाऱ्या या वस्तूला इतके वेढे देणारे हात कोणाचे, याचा विचार मीं सांठ वर्षांत एकदांही केला नव्हता.

आतां त्या मुलाची गोष्ट. पंचवीसएक वर्षांपूर्वीं मी पांचवीच्या वर्गास मराठी शिकवीत होतों. वर्गांत एक सालस मुलगा होता. अक्षर टपोरें, शुद्धलेखनांत क्वचितच चूक. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली आणि या मुलाची वही बिघडली. ‘थवा’ सांगितला तर तो ‘हवा’ लिही. ‘सात’ सांगितलें तर ‘हात’. ‘शेत’ सांगितलें तर कधीं ‘पेत’ लिही, कधीं जागा कोरी सोडी. मीं एकदां समजावलें, दोनदां रागावलों. तिसऱ्या वेळीं प्रत्येक चुकलेला शब्द वीस वीस वेळां लिहावयास लावलें. तो मुकाट्यानें लिही. हवा, हवा, हवा अशी वीस वेळां. मग मीं त्याला उद्धट ठरविलें आणि आठवडाभर कोपऱ्यांत उभें केलें. सुटींत लाडावला, खेळांत मन गेलें, असें माझें निदान. मास्तरांचीं निदानें झटपट असतात.

एके दिवशीं मधल्या सुटींत त्याची आजी शाळेंत आली. पदराखालीं वही होती. ती म्हणाली, ‘‘गुर्जी, पोरगं लबाड न्हाई. दिवाळीपासनं कानांत रातकिडा बसलाय म्हणतंय. रातच्याला उशी डोक्यावर घिऊन निजतंय.’’ मग सारा उलगडा झाला. पाडव्याच्या दिवशीं मुलांनीं तुपाच्या रिकाम्या डब्याखालीं सुतळी बॉम्ब ठेवला. वात विझली असें समजून हा मुलगा डबा उचलून पाहावयास वांकला. वात विझलेली नव्हती. नशिबानें डबा बाजूस उडाला आणि तोंड भाजलें नाहीं. भाजलें असतें तर घरीं समजलें असतें, मला समजलें असतें, सारा वाडा हळहळला असता. पण अंगावर कांहीं खूण नव्हती. मार बसेल म्हणून तो बोलला नाहीं, आणि त्याच्या न बोलण्याबद्दल मार दिला तो मीं.

कानाच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, पडद्यास पडलेलें भोंक भरून येत आहे, परंतु आंतली इजा भरून येणार नाहीं. उजवा कान बराचसा गेला आहे, डाव्यासही थोडा धक्का आहे. मला त्या वेळीं याचा अर्थ नीटसा कळला नाहीं. मागाहून पुस्तकें मिळवून मीं तो समजून घेतला, आणि तो थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. आपल्या कानाच्या आंत शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते. तिच्यांत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात; त्यांच्या टोंकांस केसांसारखे तंतु असतात आणि ध्वनीची लाट आली कीं ते लवतात. उंच स्वर ओळखणाऱ्या पेशी या शंखाच्या तोंडाशीं, आणि खालच्या स्वरांच्या आंत खोल. स्फोटाचा तडाखा तोंडाशीं असलेल्यांना प्रथम बसतो. मराठींतले स्वर, अ, आ, ओ, हे खालच्या पट्टींत असल्यामुळें असा मुलगा ते ऐकतो; पण स, श, थ, फ यांची जी फुसफुस ती उंच पट्टींतली, ती त्याला ऐकूं येत नाहीं. आवाज कानीं येतो, शब्द मात्र अर्धा येतो. उरलेला अर्धा तो अंदाजानें भरतो. माझा विद्यार्थी चुकत नव्हता. त्याला जें ऐकूं येत होतें तें तो बिनचूक लिहीत होता.

निसर्गानें कानास एक बचाव दिलेला आहे. मोठा आवाज आला कीं आंतला एक चिमुकला स्नायु आवळतो आणि लाट थोडी मंद करतो. पण त्यास थोडा वेळ लागतो, आणि फटाक्याचा तडाखा सेकंदाच्या कांहीं हजाराव्या भागांत होऊन जातो. दार लावावयास माणूस उठेपर्यंत चोर घरांतून निघूनही गेलेला असतो. आणि या पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. पक्ष्यांमध्यें त्या पुन्हां येतात असें शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. कोंबडीवर निसर्गानें जी कृपा केली ती मनुष्यावर केलेली नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल कीं, यावर कायदे आहेत. आहेत, आणि ते चांगले आहेत. १९९९ सालच्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणें, फटाका जेथें फुटतो त्या जागेपासून चार मीटरांवर १२५ डेसिबेलपेक्षां जास्त आवाज होत असेल तर असा फटाका बनवितां, विकतां वा वाजवितां येत नाहीं. आतां यांतलें गणित पाहा. डेसिबेलचा हिशेब साध्या बेरजेचा नाहीं. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट झाली. आणि अंतर निम्में झालें कीं ढोबळ मानानें सहा डेसिबेल वाढतात. चार मीटरांचे दोन, दोहोंचा एक, एकाचा अर्धा. वांकून डबा उचलणाऱ्या मुलाचा कान अर्ध्या मीटरावर असतो. तीन वेळां सहा म्हणजे अठरा. नियमांत बसणारा, शिक्का असलेला, निर्दोष फटाकाही त्या मुलापाशीं १४३ डेसिबेलचा होतो. मुलांच्या कानांवर १२० डेसिबेलहून मोठा तडाखा कधींही बसूं नये असें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगून ठेवलें आहे. मोजण्याच्या पद्धति थोड्या निरनिराळ्या असल्या तरी ही तफावत कांहीं त्यामुळें भरून निघत नाहीं. नियमाचे चार मीटर हे कारखानदाराच्या फटाक्याचे आहेत. ते मुलाच्या हाताचे नाहींत.

१८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत आवाजाचे फटाके वाजविण्यास मनाई केली. त्या निकालांतली एक गोष्ट मला विशेष वाटते. न्यायालयानें फटाक्यांचे दोन वर्ग पाडले, एक आवाज करणारे आणि दुसरे रंग व उजेड देणारे. आणि दुसऱ्या वर्गावर वेळेचें बंधन घालण्याचें कारण नाहीं असें म्हटलें. शोभेची दारू आणि आवाजाची दारू, हा आपल्या आजोबा-पणजोबांनीं केलेलाच भेद. पुढें २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानें दिवाळींत रात्रीं आठ ते दहा ही वेळ ठरली, फटाक्यांच्या माळांवर बंदी आली आणि ‘हरित’ फटाक्यांचा आग्रह धरला गेला. हे हरित फटाके सिद्ध करण्यांत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेचा मोठा वांटा आहे. त्यांतून सूक्ष्म धूलिकण सुमारें तीस टक्क्यांनीं कमी निघतात. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु हिरवा शिक्का पाहून कांहीं आयांची अशी समजूत होते कीं, हा फटाका वाजत नाहीं. तो वाजतो. हिरवेपणा मुख्यतः धुराचा आहे.

न्यायालयाच्या वेळापत्रकाशीं आम्हां महाराष्ट्रीयांचा एक वाद मात्र मला मान्य करावा लागेल. आमच्या दिवाळीचा खरा पहिला फटाका रात्रींचा नसून नरकचतुर्दशीच्या पहांटेचा. अंगाला तेल, उटणें, कारीट पायाखालीं चिरडणें, आणि सारी आळी निजली असतां कोणाचा फटाका पहिला वाजतो याची चुरस. त्या अंधारांतल्या एका लवंगीच्या टचक्यांत जो आनंद होता तो मीं भोगलेला आहे, आणि माझ्या नातवंडांना तो मिळूं नये असें मला म्हणवत नाहीं. पण ती लवंगी होती. ती वाजली म्हणजे शेजारच्या घरांतून कोणी तरी म्हणे, ‘उठा, त्यांच्याकडे अंघोळी झाल्या.’ त्या आवाजाला अर्थ होता. सुतळी बॉम्ब वाजला म्हणजे शेजारचें तान्हें मूल रडूं लागतें आणि कुत्रीं खाटेखालीं शिरतात. अंघोळीविषयीं कोणी कांहीं बोलत नाहीं.

त्या मुलाला मीं जागा बदलून दिली. तो वर्गांत डाव्या भिंतीशीं बसे. म्हणजे चांगला कान भिंतीकडे आणि अधू कान माझ्याकडे. त्याला उजव्या भिंतीशीं पुढच्या रांगेंत बसविलें आणि शब्द सांगतांना मी त्याच्याकडे तोंड करून सांगूं लागलों. वही पुष्कळ सुधारली, पूर्वींसारखी मात्र कधींच झाली नाहीं. पुढें दर वर्षीं दिवाळीच्या सुटीआधीं चार मीटरांची दोरी घेऊन मी मुलांना पटांगणावर नेत असें आणि ती ताणून दाखवीत असें. मुलें हंसत. पण घरीं जाऊन कांहींजण ती सुतळीनें मोजीत, असें त्यांचे पालक सांगत. विझल्यासारख्या दिसणाऱ्या वातीजवळ जावयाचें नाहीं, तिच्यावर लांबून बादलीभर पाणी ओतावयाचें, आणि डबा, मडकें, बाटली यांच्याखालीं कांहींही ठेवावयाचें नाहीं, हें मीं त्यांच्याकडून पाढ्यांसारखें घोकून घेतलें आहे. कान वाजूं लागला तर त्याच दिवशीं घरीं सांगावयाचें, मार बसणार असला तरी, हें त्यांतलें शेवटचें वाक्य. हें शेवटचें वाक्य मुलांपेक्षां पालकांसाठीं अधिक होतें.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या चार दिवस आधीं सात रस्त्यावर तो मला भेटला. आतां पस्तिशीचा गृहस्थ, बरोबर सहासात वर्षांची मुलगी. पूर्व भागांत एका यंत्रमागाच्या कारखान्यांत नोकरीस आहे म्हणाला. मीं विचारलें, ‘‘कानाचें कसें काय?’’ तो हंसून म्हणाला, ‘‘मागाच्या खडखडाटांत गुरुजी कोणालाच ऐकूं येत नाहीं. सगळे हातवारे करून बोलतात. तिथं माझं कांहीं अडत नाहीं.’’ मुलीच्या हातांत फुलबाज्यांचीं पाकिटें आणि दोन भुईनळे होते. त्या वीस वीस वेळां लिहविलेल्या शब्दांविषयीं त्याच्याशीं एकदां बोलावें असें माझ्या मनांत कित्येक वर्षें होतें. मीं आरंभ केला, पण रस्त्यावर वाहनांचा गोंगाट फार होता आणि मी त्याच्या उजव्या हातास उभा होतों. ‘‘थांबा गुरुजी,’’ असें म्हणून तो मुलीसह मला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूस आला, डावा कान माझ्याकडे केला, आणि म्हणाला, ‘‘हां, आतां बोला.’’